सोप्यातला फॉर्म

माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तर होते. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांनी बत्तीस वर्षं शिकवलं. पण गावाला ते निम्मे शाळेमुळे माहीत होते आणि निम्मे आमच्या घराच्या सोप्यामुळे. मगरिबनंतर सोप्यात जाजम अंथरलं जायचं, अम्मी चहाचं आधण ठेवायची आणि हातात कापडी पिशवी घेऊन एकेक जण यायचा. पिशवीत रेशनकार्ड, गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट साइजचे दोन फोटो. "मास्तर, तेवढा फॉर्म भरून द्या की."

शिष्यवृत्तीचा फॉर्म, वसतिगृहाचा, निराधार पेन्शनचा, बँकेत खातं उघडण्याचा. गावातल्या सगळ्या आळ्यांमधली माणसं यायची. मी दप्तर घेऊन शेजारी बसलेली असायचे आणि अभ्यास सोडून तेच बघत राहायचे.

अब्बांची पद्धत ठरलेली होती. आधी ते पूर्ण फॉर्म स्वतः वाचायचे आणि कोणकोणते कागद लागतील ते सांगून टाकायचे, म्हणजे अर्ध्यावर उठून घरी पळायला नको. मग एका वेळी एकच प्रश्न. फॉर्मवर लिहिलेलं असायचं, 'पालकाचे सर्व मार्गांनी मिळणारे वार्षिक उत्पन्न'. अब्बा विचारायचे, "घरात पैसा कुठनं कुठनं येतो?" पैशाचा प्रश्न आला की बाकीच्यांना म्हणायचे, "जरा बाहेर कट्ट्यावर बसा." एखाद्या म्हातारीला जन्मतारीख आठवली नाही तर हसायचे नाहीत, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू केवढी होतीस?" असं विचारून साल काढायचे. सगळं आधी कच्च्या कागदावर पेन्सिलीनं, मग शाईनं. शेवटी पूर्ण फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवायचे, मगच सही किंवा अंगठा. आणि निघताना एक वाक्य कायम, "पोच घेतल्याशिवाय तिथनं उठायचं नाही."

मी पुण्यात चौदा वर्षं वेबसाइट बनवण्याच्या कामात आहे. माझ्या कामाला 'युजर एक्सपिरियन्स डिझाइन' म्हणतात. वेबसाइटवर आलेल्या माणसाला काय आधी दिसावं, बटन कुठे असावं, फॉर्म किती पायऱ्यांत भरावा, चूक झाली तर कसं सांगावं, हे ठरवणारं काम. अम्मी नातेवाइकांना सांगते, "ती कॉम्प्युटरवर चित्रं काढते." मी बरेच दिवस ते सुधारत होते. आता सुधारत नाही, कारण एका बाबतीत अम्मीचं बरोबर होतं. मी खरोखर नुसती चित्रंच काढत होते. हे मला कसं कळलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमच्या गावच्या काही जाणत्या मंडळींचा एक छोटा शिक्षण ट्रस्ट आहे. दरवर्षी ते पंचवीस-तीस मुलामुलींना फीसाठी मदत करतात. २०२१ मध्ये, कोरोनामुळे ऑफिस बंद असताना, त्यांनी मला विचारलं, "बेटी, अर्ज ऑनलाइन घेता येतील का?" मी आनंदानं हो म्हणाले. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. महिनाभर रात्री जागून वेबसाइट केली. पांढरी स्वच्छ पार्श्वभूमी, त्यावर फिकट राखाडी अक्षरं, भरपूर मोकळी जागा, शब्दांऐवजी नाजूक चिन्हं. ट्रस्टचे सेक्रेटरी फोनवर म्हणाले, "अगदी शहरातल्यासारखी झाली!" माझ्या ऑफिसातही कौतुक झालं. मी अब्बांना फोटो पाठवले. ते म्हणाले, "माशाअल्लाह, छान."

तेव्हा अब्बांचे डोळे जायला लागले होते. त्यांना काचबिंदू आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली राखता येते. तो दुखत नाही, सुरुवातीला कळतही नाही, कारण आधी कडेची नजर जाते आणि समोरचं दिसत राहतं. अब्बांना ते उंबऱ्याला ठेचकाळायला लागल्यावर कळलं. उशीर झाला होता. (चाळिशीनंतर डोळ्याचा दाब तपासून घ्या, विशेषतः घरात कुणाला काचबिंदू असेल तर. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.) आता त्यांना उजेड कळतो, समोर कुणी उभं आहे एवढं कळतं, अक्षर दिसत नाही.

वाचन बंद झालं तेव्हा ते काही महिने गप्प होते. मग त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो जन्मापासून अंध आहे, कोल्हापुरात नोकरी करतो. त्यानं रोज संध्याकाळी फोनवर अब्बांना 'टॉकबॅक' शिकवलं. अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय आधीपासूनच असते, वेगळी विकत घ्यावी लागत नाही. ती चालू केली की पडद्यावर जिथे बोट जाईल ते फोन बोलून सांगतो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टकटक केलं की ती उघडते. पंधरा-वीस दिवसांत अब्बा व्हॉट्सअॅपवरचे निरोप ऐकायला आणि बातम्या लावायला शिकले. सोप्यात पुन्हा जाजम अंथरलं गेलं.

यानंतरची गोष्ट मला आठ महिन्यांनी कळली. ईदच्या आदल्या रात्री अम्मी आणि मी शीरखुर्म्यासाठी बदाम-खारीक चिरत बसलो होतो. बोलता बोलता अम्मी म्हणाली, "त्या नर्सिंगवाल्या पोरीचे पैसे तुझ्या अब्बांनी भरले, हे कुणाला बोलू नको हं."

कोणती पोर? कसले पैसे?

शेजारच्या खालांची नात. वडील नाहीत, आई दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या करते. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, ती मिरजेला गेली होती. ट्रस्टचा अर्ज भरायचा म्हणून खाला नेहमीसारखी कागदांची पिशवी अब्बांकडे ठेवून गेल्या. खरं तर अब्बांनी कुणा पोराला बोलावून भरून घेता आला असता. पण टॉकबॅक शिकल्यानंतरचा हा त्यांचा पहिला फॉर्म होता, आणि वेबसाइट त्यांच्या मुलीनं बनवलेली होती. "मीच भरतो," म्हणाले. कागद अम्मीनं मोबाइलवर फोटो काढून ठेवले. शेवटच्या दिवशी रात्री जेवण करून अब्बा बसले. अम्मी म्हणाली, साडेअकरापर्यंत बसले होते. तीन वेळा पहिल्यापासून सुरुवात केली. ती म्हणाली, पोरीला पुण्याला फोन लावू का? तर म्हणाले, "नको, ती दिवसभर थकलेली असते. तिनं नीटच केलं असणार. मलाच जमत नाही आता." बाराला मुदत संपली.

सकाळी ते ट्रस्टकडे गेले नाहीत. नियम मोडून मागायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. पोरीला मिळणारे बारा हजार रुपये त्यांनी दोन महिन्यांच्या पेन्शनमधून दिले, आणि खालांना सांगितलं की ट्रस्टकडूनच आलेत.

मी सुरी खाली ठेवली. मला दुसरंच काहीतरी आठवलं होतं. ट्रस्टसाठी मी दरवर्षी एक अहवाल करते, किती अर्ज आले, किती अर्धवट राहिले. त्या वर्षीच्या अहवालात शेवटच्या रात्रीचे तीन अर्धवट अर्ज एकाच मोबाइलवरून होते. मी त्यापुढे स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'गावाकडे नेटची अडचण.'

ते तिन्ही अर्ज माझ्या वडिलांचे होते.

ईद झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी अब्बांजवळ बसले आणि म्हणाले, "अब्बा, मला तुमची ती वेबसाइट भरून दाखवा." ते आधी टाळत होते. मी म्हणाले, "मी काही बोलणार नाही, नुसती बघेन." त्यांनी फोन घेतला. पुढचा पाऊण तास मी चौदा वर्षांत शिकले नव्हते ते शिकले.

पहिलंच पान उघडलं आणि फोन नुसताच "बटन… बटन… बटन" म्हणू लागला. मी शब्दांऐवजी चिन्हं काढली होती, घर, लिफाफा, पेन्सिल. डोळ्यांना ती दिसतात. पण आत कोडमध्ये त्यांना नाव द्यायचं असतं, ते मी दिलंच नव्हतं. फोन तरी काय बोलणार? अब्बा अंदाजानं एकेक दाबून बघत होते.

पुढे सूचना होत्या. ट्रस्टनं छापील पत्रक स्कॅन करून दिलं होतं, मी ते तसंच लावलं होतं. तुम्हाला-मला ती अक्षरं वाटतात. फोनला तो एक फोटो असतो, जसा डोंगराचा फोटो. त्यात त्याला वाचण्यासारखं काहीच नसतं. काही मजकूर जुन्या टायपिंगमधून उचलला होता. युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये वर मराठी दिसतं, पण खाली रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. फोन ते जसंच्या तसं वाचतो, आणि कानावर निव्वळ गोंधळ पडतो.

फॉर्ममध्ये रकान्याचं नाव मी रकान्याच्या आतच फिकट अक्षरात लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याचे पूर्ण नाव'. लिहायला लागलं की ते पुसून जातं. परत मागे येऊन तपासायचं म्हटलं तर हा रकाना कशाचा, हे फोनलाही सांगता येत नव्हतं. पानाची भाषा मी कोडमध्ये इंग्रजी ठेवली होती, कारण साच्यात तीच आधीपासून लिहिलेली असते आणि मी बदलली नव्हती. त्यामुळे काही ठिकाणी इंग्रजी आवाज मराठी अक्षरांपाशी अडखळायचा, नाहीतर गप्प बसायचा.

जन्मतारखेला मी कॅलेंडर लावलं होतं. एकेक महिना मागे जात अठरा वर्षं सरकवायची. अब्बांनी मोजून चाळीसेक टिचक्या मारल्या आणि थांबले. मला एकदम कोयनेचा भूकंप आठवला.

एक रकाना चुकला. वेबसाइटनं चूक दाखवली, पण कशी? रकान्याभोवती लाल रेघ. लाल रेघ ऐकू येत नाही. ज्यांना लाल-हिरवा रंग वेगळा कळत नाही, त्यांना ती लाल आहे हे ओळखू येईलच असंही नाही. अब्बा 'पुढे जा' दाबत राहिले, पान पुढे जाईना, आणि का जात नाही ते कुणी सांगेना.

शेवटी आलं वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र, 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' म्हणणारं. आणि तेवढ्यात दहा मिनिटं पूर्ण झाली म्हणून सगळा फॉर्म पुसला गेला. सुरक्षेसाठी मी तशी वेळ लावली होती. न सांगता, न विचारता.

अब्बांनी फोन मांडीवर ठेवला. म्हणाले, "असं होतं बघ. आता वय झालं."

मी म्हणाले, "अब्बा, वयाचा काही संबंध नाही. हा फॉर्म वाईट आहे. तुम्ही कुणालाही असा फॉर्म कधी भरायला लावला नव्हता."

खरंच, सोप्यातली त्यांची पद्धत आठवा. लागणारे कागद आधी सांगणं. एका वेळी एक प्रश्न, साध्या भाषेत. चूक कुठे आहे आणि कशी दुरुस्त करायची ते सांगणं. घाई न करणं. खासगी गोष्ट चारचौघांत न विचारणं. शेवटी वाचून दाखवणं. माझ्या धंद्यातली जाडजूड पुस्तकं यापेक्षा वेगळं काही सांगत नाहीत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेनं वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून पहिले नियम १९९९ मध्ये काढले. २००८ मध्ये ते नव्यानं लिहिले, २०१८ आणि २०२३ मध्ये त्यांत भर घातली. त्यांचा गाभा चार गोष्टींचा आहे. मजकूर डोळ्यांनी, कानांनी किंवा बोटांनी कळला पाहिजे. पान माउसशिवायही चालवता आलं पाहिजे. ते समजलं पाहिजे. आणि वेगवेगळ्या साधनांवर नीट चाललं पाहिजे. हे नियम मला माहीत नव्हते असं नाही. आमच्या ऑफिसात ते सगळ्यांना माहीत असतात. "गिऱ्हाइकानं मागितलं तर बघू," असं म्हणून आम्ही ते पुढे ढकलतो. गिऱ्हाईक मागत नाही, कारण ज्याला गरज आहे तो गिऱ्हाईक नसतो. तो रात्री साडेअकराला एकटा बसून स्वतःला दोष देत असतो.

ती सुट्टी मी वाढवून घेतली आणि आठ दिवस आम्ही दोघं सोप्यात बसलो. मी दुरुस्त करायचे, अब्बा तपासायचे. प्रत्येक बटनाला नाव दिलं. रकान्याचं नाव रकान्याच्या वर, कायमचं. पानाची भाषा मराठी. सूचना पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केल्या, त्या अम्मीनं मला वाचून दाखवल्या. कॅलेंडर काढून तीन साधे रकाने ठेवले, दिवस, महिना, वर्ष. चूक झाली तर आता शब्दांत लिहून येतं, 'मोबाइल नंबर नऊ आकडी झाला आहे, दहा आकडे हवेत', आणि फोन ते लगेच बोलतो. वाकड्या अक्षरांचं चित्र काढून टाकलं. पंचवीस-तीस अर्ज येणाऱ्या वेबसाइटला त्याची गरजच नव्हती. वेळ संपत आली की आधी विचारणा होते आणि एका टकटकीत ती वाढवता येते. शिवाय भरलेला मजकूर जपून ठेवला जातो.

अक्षरांचा रंगही बदलला. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकाचं एक माप असतं. पांढऱ्यावर काळं असेल तर ते २१ ला १ भरतं. साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ हवं. माझी ती देखणी राखाडी अक्षरं मोजली तर ३ लासुद्धा पोहोचत नव्हती. हा बदल अब्बांच्या उपयोगाचा नव्हता. पण वेबसाइट नवी झाल्यावर सेक्रेटरीसाहेबच म्हणाले, "आता उन्हात उभं राहूनसुद्धा वाचता येतं की!" त्यांना चष्मा आहे, दुसरं काही नाही.

यावर अब्बांनी मशिदीतला कठडा आठवला. वुजूच्या हौदाजवळच्या पायऱ्या पावसाळ्यात निसरड्या होतात. एका म्हाताऱ्या चाचांचा पाय घसरला म्हणून जमातीनं तिथे लोखंडी कठडा बसवला. चाचा आता हयात नाहीत. पण कठडा सगळेच धरतात, तरणी पोरंसुद्धा. एकासाठी केलेली सोय सगळ्यांची झाली. मला वाटतं, 'सुगम्यता' या जड शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

आणि ही कुणाच्या मेहरबानीची गोष्टही नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. वयामुळे ज्यांची नजर मंदावली, हात कापायला लागले, ऐकू कमी येऊ लागलं, त्यांतले कितीतरी स्वतःला दिव्यांग म्हणवतच नाहीत. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती सर्वांना वापरता यावी यासाठी सरकारनं पावलं उचलावीत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींनी आणि एका अंध व्यक्तीनं याचिका केल्या होत्या. ऑनलाइन ओळख पटवताना 'डोळे मिचकावा' असं सांगितलं जातं. ज्यांचे डोळेच मिटत नाहीत त्यांनी काय करायचं? न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ओळख पटवण्याची पद्धत सगळ्यांना जमेल अशी करावी.

पण कायद्याची वाट बघत बसण्यापूर्वी आपल्या घरात आणि मोहल्ल्यात आपण बरंच काही करू शकतो. मी स्वतः आता करते ते सांगते.

घरातल्या मोठ्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' हा भाग उघडून बघा. अक्षर मोठं करता येतं, रंग गडद करता येतात, टॉकबॅक लावता येतं. आयफोनमध्ये याच सोयीला व्हॉइसओव्हर म्हणतात. विंडोजच्या कॉम्प्युटरसाठी 'एनव्हीडीए' नावाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर २००६ पासून फुकट मिळतं. त्याची सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं केली.

जमातीची, शाळेची, लग्नाची सूचना व्हॉट्सअॅपवर पाठवताना नुसतं फुलापानांचं कार्ड पाठवू नका. खाली चार ओळी टाइप करा. तारीख, वेळ, ठिकाण. आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर आता हा नियमच झाला आहे. मयतीची खबर अब्बांना आता दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावी लागत नाही.

मोठ्यांच्या हातातून फोन काढून घेऊन "द्या इकडे, मी करते" म्हणू नका. आधी विचारा, कुठे अडलं? त्यांचा पिन, त्यांचा ओटीपी, त्यांच्या खात्यातली रक्कम ही त्यांची गोष्ट आहे. अब्बा पैशाचा प्रश्न आला की लोकांना कट्ट्यावर बसवायचे, ते उगाच नाही.

आणि एखादी वेबसाइट चालत नसेल, तर "मला जमत नाही" म्हणण्याआधी त्यांना लिहून कळवा. कुठल्या पानावर काय झालं, एवढं पुरतं. माझ्यासारखं कुणीतरी पलीकडे बसलेलं असतं आणि नेटला दोष देत असतं.

त्या मुलीच्या पैशांचं अब्बांना मी आजतागायत विचारलेलं नाही. मला माहीत आहे हे त्यांना माहीत असावं. ती आता नर्सिंगच्या पुढच्या वर्षात आहे, आणि सुट्टीत आली की अब्बांच्या डोळ्यांत थेंब घालायला तीच येते.

वेबसाइट दुरुस्त केल्यानंतरच्या ऑगस्टमध्ये, एका गुरुवारी रात्री नऊला माझा फोन वाजला. अब्बा होते. आवाजावरून कळलं की सोप्यात माणसं बसलेली आहेत. म्हणाले, "बेटा, दोन पोरांचे फॉर्म भरले. सगळं नीट झालं. पण एक राहिलं. 'अर्ज पाठवा' दाबलं आणि फोन गप्प. गेला की नाही गेला, काहीच बोलला नाही. मी काय समजायचं?"

मी लॅपटॉप उघडून बघितलं. दोन्ही अर्ज पोहोचले होते. पडद्यावर हिरव्या अक्षरांत अर्ज क्रमांकही आला होता. पण तो फोननं बोलून दाखवावा अशी सोय मी करायची विसरले होते.

"अब्बा, गेलेत दोन्ही," मी म्हणाले. "चूक माझी आहे. आत्ता करते."

"कर," ते म्हणाले. "आणि लक्षात ठेव, पोच मिळाल्याशिवाय माणूस तिथनं उठत नाही."

त्या रात्रीच मी ते दुरुस्त केलं. साडेदहाला त्यांनी तिसरा अर्ज पाठवला. फोन त्यांच्या हातात तसाच चालू होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. मराठी आवाजात, सावकाश, 'आपला अर्ज मिळाला. अर्ज क्रमांक सतरा.' मग अब्बांचा आवाज आला, मला नव्हे, समोर बसलेल्या कुणाला तरी, "ऐकलंस? सतरा. लिहून घे."